सईच्या अठरा गोष्टी आणि अहिल्यामावशी

अहिल्यामावशी पेठकरांनी अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या एका शाळेच्या कँटीनमध्ये सोळा वर्षं मुलांना जेवण वाढलं. आमच्या मराठी मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तो विषय काढत नसे. कार्यक्रमात ओळख करून देताना "ह्या कार्डिऑलॉजिस्ट, ह्यांचे मिस्टर डेटा सेंटरला डायरेक्टर" असं एकेक पुढे सरकायचं, आणि मावशींपाशी आलं की "ह्या आपल्या मावशी" म्हणून पुढच्या खुर्चीकडे वळायचं. एकदा एका नवीन आलेल्या मुलीने भाबडेपणाने विचारलंच, "मावशी, तुम्ही कुठल्या फील्डमध्ये?" मावशी म्हणाल्या, "पिझ्झा विभागप्रमुख. शुक्रवारी फार जबाबदारी असते."

पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी कँटीन सोडलं, आणि शाळाखात्याने त्यांना दुभाषी म्हणून घेतलं. मराठी, हिंदी आणि कामापुरती गुजराती. इंग्रजी त्यांनी साताऱ्याच्या कन्याशाळेत पाचवीपासून गिरवलं होतं आणि कँटीनच्या खिडकीत पक्कं केलं होतं. बोलताना काळ थोडा मागेपुढे व्हायचा, पण कोण काय म्हणाला ह्यात कधी चूक व्हायची नाही.

ऑक्टोबर आला की शाळेतून पत्रं निघतात. वर्षाच्या सुरुवातीला लहान मुलांचं वाचन तपासतात. बाई एकेका मुलाला बाजूला घेऊन बसतात, पुढ्यात गोष्टीचा कागद ठेवतात, एका मिनिटात किती नीट वाचलं ते मोजतात. जो मागे पडतो त्याच्या घरी पत्र येतं, की तुमच्या मुलासाठी आम्ही वाचनाचा प्लॅन करतो आहोत, या, बोलू. दोन पानी पत्र असतं, साध्या इंग्रजीत.

आमच्या मंडळातली मंडळी ऐंशी ऐंशी पानांची कॉन्ट्रॅक्टं वाचतात. घराच्या कर्जाच्या कागदात बारीक टायपात लपवलेलं कलम शोधून बँकवाल्याला घाम फोडतात. पण हे दोन पानी पत्र त्यांना वाचता येत नाही. पहिल्या ओळीत आपल्या मुलाचं नाव आणि त्याच्या शेजारी 'कमी' ह्या अर्थाचा शब्द दिसला की पुढचं सगळं धूसर होतं. मग ती मावशींना शोधत येतात. फोनवर नाही. फोन कुणी ऐकला तर? रविवारी देवळाच्या स्वयंपाकघरात येतात, जिथे मावशी, मी आणि आणखी दोघीतिघी प्रसादाची भाजी निवडत बसलेल्या असतो.

"मावशी, आमच्या एका मित्राच्या मुलाचं पत्र आहे."

पत्रावर मुलाचं नाव असतं आणि नावावर अंगठा असतो.

"बरं," मावशी मेथीची जुडी खाली ठेवून म्हणायच्या. "तुझ्या मित्राला काय विचारायचंय?"

"हा स्पेशल एज्युकेशनचा शिक्का आहे का?"

"नाही."

"पुढे कॉलेजला दिसेल?"

"मित्राचं पोरगं पहिलीत ना रे?"

"हो, पण रेकॉर्ड असतं ना मावशी. आणि, म्हणजे त्याचं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, तर तिकडे काही…"

"परीक्षित, ग्रीन कार्डवाल्यांना तुझ्या मित्राच्या पोराची बाराखडी तपासायला वेळ नाही."

मग मावशी पत्रातली एकेक ओळ बोटाने दाखवत सांगायच्या. प्लॅन म्हणजे शिक्षा नव्हे. मूल नेमकं कुठे अडतं, त्याच्याजवळ कोण बसणार, आठवड्यातून किती वेळा बसणार आणि फरक पडला का ते परत कधी बघणार, एवढं त्यात लिहिलेलं असतं. ह्यातलं काही लिहिलेलं नसेल तर विचारा. घरी काय करायचं तेही विचारा. आणि त्याच वर्गात मागे ठेवतील का, ह्या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "काही राज्यांत तिसरीच्या वाचनाच्या परीक्षेत फारच कमी पडलं तर तिसरीतच ठेवायचा नियम आहे, त्यातही सवलती असतात. आपल्या राज्यात तसा नियम नाही. कधी शाळेलाच वाटलं तर तुम्हाला बोलावतील, बोलतील. पत्र आलं म्हणजे मागे ठेवलं, असं नाही."

अंगठ्याखालचं नाव त्यांनी कधी वाचलं नाही. वाचायची गरजही नव्हती, सोळा वर्षं ह्याच घरांतल्या पोरांना त्यांनी दूध दिलं होतं.

सत्यजित मात्र मावशींकडे आला नाही. सत्यजित आणि प्रीता आमच्या मंडळातलं चटपटीत जोडपं. तो डेटा सेंटरच्या कूलिंगचं बघतो, आणि मंडळाचा खजिनदार, सूत्रसंचालक, साउंड सिस्टिमवाला, सगळं तोच. त्यांची मुलगी सई दुसरीत. देवळात दर शनिवारी मी मुलांना स्तोत्रं शिकवते, त्या वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. पाचव्या वर्षी अथर्वशीर्ष, सहाव्या वर्षी रामरक्षा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आमच्या वर्गात मुलांच्या हातात पुस्तक देत नाही. मी एक चरण म्हणते, मुलं दोनदा म्हणतात. संथा द्यायची जुनी पद्धत. सई दोनदासुद्धा घ्यायची नाही, एकदा ऐकलं की तिचं झालं. तीन वर्षं पाठांतराचं पहिलं बक्षीस मीच तिच्या हातात दिलं. देवाने कान काय दिलाय, असं मी म्हणायचे. डोळ्यांचं मी कधी विचारलं नाही.

तर त्या ऑक्टोबरात सईच्या घरी पत्र आलं. सत्यजितने ते अर्धं वाचलं आणि फ्लोरिडात चुलतभावाला, अनिलला फोन लावला. अनिलच्या मुलाला आदल्या वर्षी तिसरीतच मागे ठेवलं होतं. अनिलने सांगितलं, "आमचंही असंच पत्राने सुरू झालं." झालं. सत्यजितच्या डोक्यात गणित बसलं, की पत्र म्हणजे प्लॅन, प्लॅन म्हणजे तिसरीत मुक्काम. प्लॅनमधून बाहेर पडायचं तर जानेवारीच्या तपासणीत मार्क पाहिजेत. आणि मार्क कसे मिळवायचे हे ज्याला भारतात बारावी देऊन इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मागच्या वर्षांचे पेपर काढायचे.

व्हॉट्सअ‍ॅपवर गावातल्या देशी आईबापांचा एक ग्रुप आहे. तिथे मुलं तपासणी देऊन आली की आया विचारतात, "काय आलं होतं गं?" आणि संध्याकाळपर्यंत गोष्टीचं नाव, त्यातले प्राणी आणि शेवट हे सगळं ग्रुपवर लागतं. पुण्याला परीक्षेच्या हॉलबाहेर पालक उभे राहायचे ना, तसंच, फक्त इथे थर्मास आणि छत्री नसते. त्या ग्रुपवर टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या कुणाच्यातरी वहिनीकडून एक फाइल आली होती. वाचनतपासणीच्या जुन्या गोष्टी, एकूण अठरा. सत्यजितने त्यांचा तक्ता केला. बारा आठवडे, अठरा गोष्टी, झाली की हिरवा रंग, राहिली की लाल.

शिकवायचं काम प्रीताकडे. पोहण्याच्या क्लासला जाताना, येताना, गाडीत. प्रीता एक ओळ म्हणायची, सई दोनदा. संथाच. एकदा त्यांनी मला देवळातून घरी सोडलं तेव्हा मीही मागच्या सीटवर होते. टपाल वाटणाऱ्या एका बदकाची गोष्ट चालली होती. सईने ती सबंध म्हणून दाखवली, स्वल्पविरामाला थांबत, प्रश्नचिन्हाला आवाज चढवत. मी म्हटलं, "वा!" माझीही अक्कल तेवढीच.

गोष्ट म्हणताना कागदावरून बोट कसं सरकवायचं तेही शिकवलं होतं. ओळ संपली की बोट डावीकडे आणायचं. तपासणीत बाई गोष्टीचं नाव सांगून कागद पुढे ठेवतात, त्यामुळे अठरातली कुठली हेही कळायचं. जानेवारीत तीन गोष्टी आल्या. तिन्ही यादीतल्या. सई धडाधडा म्हणाली. पत्र आलं, की अभिनंदन, आता प्लॅनची गरज दिसत नाही, सईचा जादा तास बंद करतो आहोत.

आठवड्यातून तीन दिवस अर्धा अर्धा तास एक वाचन शिकवणाऱ्या बाई, मिसेस व्हिटफील्ड, तिला जवळ घेऊन बसायच्या. तेवढा एकच माणूस त्या पोरीला खरंखुरं वाचायला शिकवत होता. तो तास आम्ही बंद करून घेतला आणि देवळात पेढे आणले.

पेढ्यांची आणखी गंमत अशी, की सई प्लॅनमध्ये आहे हे ह्यांनी तीन महिने कुणाला कळू दिलं नव्हतं. आता सुटल्याचा आनंद ग्रुपवर टाकला तेव्हा सगळ्यांना कळलं की ती होती.

पंधरा दिवसांनी माघी गणेशजयंती आली. प्रसादाला शिरा. देवळाचं स्वयंपाकघर तेलुगू, गुजराती, तमिळ, मराठी सगळ्यांचं, म्हणून डब्यांवर नावं इंग्रजीत. सई आमच्यात लुडबुडत होती. मावशी म्हणाल्या, "सई, तो साखरेचा डबा आण गं, खालच्या फळीवरचा."

खालच्या फळीवर दोन सारखे पांढरे डबे, एकात साखर, एकात मीठ. सईने दोन्हीकडे पाहिलं. मग पहिला उघडला, बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं, झाकण लावलं आणि दुसरा घेऊन आली.

मी म्हटलं, "चाखून आणते, गुणाची गं."

मावशी डब्यांकडे बघत होत्या. रवा भाजता भाजता म्हणाल्या, "सई, गुळाचा बघ आहे का." सईने चार डबे उघडले. तेव्हा मावशींनी गॅस बारीक केला आणि मला हळूच म्हणाल्या, "साखर आणि मीठ, इंग्रजीत दोन्ही एकाच अक्षराने सुरू होतात. पोरगी पहिल्या अक्षराच्या पुढे जात नाहीये. हिला वाचता येत नाही."

"अहो, काहीतरीच! परवाच तर पेढे…"

"पेढे मीही खाल्ले," मावशी म्हणाल्या.

प्रीता बाहेर हार गुंफत बसली होती. मावशींनी तिला आत बोलावलं. म्हणाल्या, "प्रीता, सई घरी पुस्तक वाचते?"

"हो, म्हणजे लायब्ररीतून आणते ना दर आठवड्याला."

"आणते. वाचते?"

प्रीताने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या सुईकडे. "ती म्हणते, आई तू आधी एकदा वाच, मग मी वाचते." एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. मग अठरा गोष्टी, गाडी, तक्ता, बोट सरकवणं, सगळं बाहेर आलं. तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. कुणीतरी विचारावं म्हणून थांबली होती बिचारी, आणि आम्ही सगळे वा वा करत होतो.

मावशी रागावल्या तर आवाज चढत नाही त्यांचा. "पोरीच्या ताटातलं काढून घेतलंत," त्या म्हणाल्या, "आणि वर पेढे वाटलेत."

त्याच संध्याकाळी सत्यजित मावशींच्या घरी गेला. प्रीता बरोबर होतीच, आणि मावशींनी मलाही थांबवून घेतलं होतं.

"मावशी, विथ रिस्पेक्ट," त्याने सुरुवात केली. आमच्याकडे विथ रिस्पेक्ट म्हटलं की पुढे रिस्पेक्ट नसतो. "टेस्ट क्लिअर केली म्हणजे केली. आता परत जाऊन आपणच सांगायचं की आम्ही पाठ करून घेतलं? रेकॉर्डवर? यार, कुठला बाप करेल हे?"

"तुला भीती कशाची आहे?"

"तिसरीत ठेवतील! अनिलच्या मुलाला ठेवलं."

"अनिल कुठे राहतो?"

"फ्लोरिडात."

"तू?"

"मावशी, तुम्हाला कळत नाहीये."

"कोल्हापुरात नळ गेले म्हणून नाशिकची माणसं हंडे घेऊन धावत नाहीत रे. त्याच्या राज्याचा नियम त्याच्या राज्यात. इथे वाचनाच्या प्लॅनमुळे कुणाला मागे ठेवत नाहीत. पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय, प्लॅन म्हणजे काय आणि काय नाही. तू दुसरं पान उलटलंस?"

सत्यजितने प्रीताकडे पाहिलं.

"बरं, मला सांग," मावशी म्हणाल्या, "काही केलं नाही तर काय होईल?"

"तेच विचारतोय, काय होईल?"

"तिसरीत जाईल. चौथीत जाईल. पाचवीत जाईल. कुणी अडवणार नाही. गोष्टीची पुस्तकं जातील, विज्ञानाची येतील, आणि तुझ्याकडे त्यांची फाइल नसेल. मला त्याचं भय वाटतं, तुला कशाचं वाटतं ते तू बघ. शाळेला मी काही कळवणार नाही. ते तुमचं काम आहे. पालकांनी दोन ओळी लिहून विनंती केली की भेट मिळते, एवढंच सांगते."

प्रीता म्हणाली, "मी लिहिते." आणि सत्यजितकडे न बघता मावशींच्याच टेबलावर फोन काढून लिहायला बसली.

भेट ठरली. आता सत्यजितने काय केलं, तर फॉर्मवर 'दुभाषी हवा' ह्या चौकोनात खूण केली. ह्याने अमेरिकेत एमएस केलेलं. ऑफिसात दीडशे लोकांपुढे प्रेझेंटेशन देतो. पण त्याचा हिशेब असा, की दुभाषी घेतला की दोन फायदे. एक तर विचार करायला वेळ मिळतो. दुसरं म्हणजे बाईंच्या समोर नवराबायकोला मराठीत मसलत करता येते, त्यांना कुठे कळतंय. आपल्या लोकांना ही सवय आहेच. मुलांनी घरी मराठी बोलावं म्हणून गळे काढतात, आणि मुलं मराठी बोलतात कधी, तर दुकानात पुढच्या बाईच्या कपड्यांबद्दल काही बोलायचं असलं की. आईबापांनीच शिकवलेलं.

शाळेने दुभाषी पाठवला. मराठीला गावात दुभाषी किती असणार? एकच, आणि आपली माणसं म्हटल्यावर मावशी सांभाळून घेतील असं त्याने धरलं होतं.

पुढचं मला प्रीताने सांगितलं. मावशी शाळेच्या भेटीतलं कधी कुणाला सांगत नाहीत.

खोली लहान मुलांची, खुर्च्याही तशाच. सत्यजितचे गुडघे छातीला लागलेले. मिसेस व्हिटफील्ड, सईच्या वर्गाच्या बाई, हे दोघं आणि सई. मावशी मध्ये बसल्या आणि आधी इंग्रजीत, मग मराठीत म्हणाल्या, "ह्या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी दुसऱ्या बाजूला सांगणार. गाळणार नाही, पदरचं घालणार नाही."

मोबाइलवर अ‍ॅप टाकताना 'मला मान्य आहे' वर आपण जसं बोट दाबतो तशी सत्यजितने मान हलवली.

वर्गाच्या बाई म्हणाल्या की तपासणीत सईचे आकडे फार चांगले आहेत, पण वर्गात ती वाचायची वेळ आली की पेन्सिलीला टोक करायला जाते. मिसेस व्हिटफील्ड म्हणाल्या, आईंनी भेट मागितली हे बरं केलं, मीही विचारात होते. आज ती एक नवीन पान वाचेल का? आणि त्यांनी एक कागद सईपुढे ठेवला.

सत्यजित मान तिरपी करून कागदाकडे बघत प्रीताला म्हणाला, "ही कुठली काढली हिने? आपल्या यादीत आहे का बघ."

मावशींनी इंग्रजीत सांगितलं, "वडील विचारतात, ही यांनी कुठली काढली, आपल्या यादीत आहे का ते बघ."

मिसेस व्हिटफील्डचं पेन थांबलं. "यादी?"

"मावशी!" सत्यजित म्हणाला. "हे नव्हतं सांगायचं!"

"मावशी," मावशींनी इंग्रजीत सांगितलं, "हे नव्हतं सांगायचं."

"अहो मावशी, काय करताय तुम्ही!"

तेही गेलं. प्रीताच्या तोंडून "अगं आई गं" निघालं, तेही गेलं. मावशींचा चेहरा पोस्टाच्या खिडकीसारखा. सत्यजितने तोंड उघडलं आणि ते भाषांतरित होईल ह्या भीतीने परत मिटलं. प्रीता सांगते, त्याला इतकं गप्प तिने लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मोठी माणसं आपल्याच बोलण्यात असताना सई कागदावर वाकली होती. बोट पहिल्या ओळीवर, नीट शिकवल्यासारखं. बोट हलत नव्हतं. तिने आईकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, मराठीत, कारण तिलाही तेच शिकवलेलं होतं की लपवायचं ते मराठीत बोलायचं, "आई, ही तू मला म्हणून दाखवली नाहीस."

मावशी थांबल्या. प्रीता म्हणते, तेवढं एकदाच थांबल्या. मग त्यांनी ते सांगितलं, सईच्याच आवाजाएवढ्या हळू आवाजात.

त्यानंतर दुभाषीची फारशी गरज उरली नाही. प्रीता सरळ इंग्रजीत बोलायला लागली. अठरा गोष्टी, फाइल, गाडी. संथा म्हणजे काय तेही तिने सांगितलं, आणि सत्यजितने मध्येच सावरायचा प्रयत्न केला, की आमच्या परंपरेत हजारो वर्षं असंच शिकवतात. त्यावर मिसेस व्हिटफील्डनी फक्त विचारलं, "अठराच्या अठरा? पूर्ण?" आणि सईला म्हणाल्या, बदकाची म्हणून दाखव बरं. सईने दाखवली. बाई थक्क. त्या रागावल्या असत्या तर सत्यजितला सोपं गेलं असतं, तो भांडायची तयारी करून आला होता. त्या म्हणाल्या, "हिचा कान इतका तीक्ष्ण आहे म्हणूनच वाचनातली अडचण आम्हाला इतके दिवस दिसली नाही. जानेवारीचे आकडे मी धरणार नाही. नव्या कागदावर परत तपासू, आणखी एक तपासणीही करावी लागेल, त्याला तुमची संमती लागेल. तास मात्र सोमवारपासून सुरू करते."

आणि त्यांनी कागद पुढे केला. घरी काय दिसतं ते पालकांनी लिहायची त्यात एक रिकामी जागा होती. प्रीताने लिहिलं, की सई वाचत नाही, ऐकून लक्षात ठेवते, आणि हे आम्हाला माहीत होतं. 'आम्हाला' हा शब्द सत्यजितने दोनदा वाचला. मग विचारलं, स्वच्छ इंग्रजीत, "तिला तिसरीत मागे ठेवणार का?"

दोघी बाईंनी एकमेकींकडे पाहिलं. "ते कुणी म्हटलं?"

त्याने सही केली. सही केल्यावर पाच मिनिटांत हा मनुष्य म्हणतो, "आठवड्यातून तीनच दिवस? पाच का नाही करता येणार?"

तीनच, असं उत्तर आलं. बाकीचे दोन दिवस दुसरी मुलं असतात.

ह्यावर मंडळाने काय म्हणावं? बदकाची गोष्ट यादीतून आली ह्याचं कुणाला काही वाटलं नाही. कमिटीत चर्चा झाली ती ही, की अहिल्यामावशींनी जरा समजून घ्यायला हवं होतं, शेवटी आपली माणसं. सत्यजितने स्वतः हा विषय काढला आणि 'अनप्रोफेशनल' हा शब्द वापरला. ज्या बाईने एक अक्षर गाळलं नाही तिला. मी त्या मीटिंगमध्ये होते, हळदीकुंकवाचा हिशेब द्यायला गेले होते. मी विचारलं, "तिने काय खोटं सांगितलं?" त्यावर पुढचा विषय घेण्यात आला.

मावशींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला राग यायचाच. येऊ दे. पोरीचा तास चालू आहे ना?"

माझं म्हणाल तर मी शनिवारच्या वर्गात मुलांच्या हातात पुस्तकं द्यायला लागले. म्हणता म्हणता ओळीवर बोट ठेवायला सांगते, आणि मध्येच थांबवून विचारते, कुठे आहेस दाखव. अर्धा वर्ग भलतीकडे असतो. आपण नुसतं ऐकून खूश होतो, देवसुद्धा म्हणत असेल, बाई, जरा बघ तरी.

एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी वर्ग सुटल्यावर सत्यजित आणि प्रीता सईला न्यायला आले. सई हॉलच्या पायरीवर बसली होती, मांडीवर शाळेतून आलेलं पातळसं पुस्तक, कुठल्याशा खारीचं. ती वाचत होती. ऐकवत नाही असं वाचत होती. एकेक अक्षर सोडवत, मागे जात, परत येत, जिभेचं टोक बाहेर. अथर्वशीर्ष म्हणणारी हीच का ती, असं वाटावं. दुसऱ्या ओळीत एका शब्दापाशी अडली. सत्यजितने तोंड उघडलं. प्रीताने त्याच्या दंडाला हात लावला आणि तो थांबला. किती वेळ गेला कोण जाणे, पार्किंगमधल्या दोन गाड्या निघून गेल्या. शब्द आला, तो चुकीचा आला. सईला आपण चुकलो हे कळलं, तिने बोट मागे घेतलं आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.